क्रुसाला लावलेला कौल

माझ्या चुलतबहिणीचं देव ऐकायचा आणि माझं ऐकायचा नाही, हे मला कळत्या वयापासून ठाऊक होतं. शेळी हरवली की ती डोळे मिटून दोन शब्द पुटपुटायची, आणि शेळी बोरीच्या आडून बें बें करत यायची. मी दाढ दुखते म्हणून गुडघे टेकून टेकून थकले, तर दाढ तशीच ठणकत राहिली. शेवटी मायनं दोरा बांधून ती उपटली. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, "थोरलीच्या तोंडात देव हाय." माझ्या तोंडात काय होतं ते कुणी सांगत नव्हतं, पण बायकांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

घरात तिला थोरली म्हणत आणि मला धाकली. ती माझ्या थोरल्या चुलत्याची लेक, माझ्याहून थोडीच मोठी. रंगानं उजळ, गळा गोड, आणि स्वभाव असा की कुणी चार शिव्या दिल्या तरी हसून पाण्याचा तांब्या पुढं करील. अशा माणसाचा मत्सर करायला कुठं बोट ठेवायलाही जागा सापडत नाही, म्हणून तर तो जास्त होतो. लोक म्हणतात, म्हातारपणी मत्सर निवतो. निवतो कसला! मी आता दात पडलेली बाई आहे, आणि अजूनही कुणी तिच्या गळ्याची आठवण काढून डोळे पुसले की मी तोंड फिरवून घेते.

आमचं गाव पाटोद्याच्या बाजाराला पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल एवढ्या अंतरावर. राज्य निजामाचं. आजाच्या वेळी दुष्काळात आमची चार घरं किरिस्ताव झाली. देव बदलला, वस्ती मात्र होती तिथंच राहिली, गावाबाहेर ओढ्याकडंला, आणि धंदाही तोच राहिला, दोर वळायचा. अंबाडी ओढ्यात भिजवायची, सोलायची, वाळवायची, आणि मग दोघीजणींनी मिळून पीळ द्यायचा. एकीनं टोकाला उभं राहून फिरकी फिरवायची, दुसरीनं तंतू सोडत मागं मागं सरायचं. दोर नीट व्हायचा तर दोघींचा ताण सारखा लागतो. एकीचा हात जरा ढिला पडला की दुसरीच्या बोटांना लगेच कळतं. थोरली आणि मी लहानपणापासून अशा एकाच दोराला जुंपलेल्या होतो.

माझा बाप मी लहान असताना पटकीनं गेला. मागं राहिलो माय आणि मी, आणि वस्तीतल्या प्रार्थनेच्या खोलीतला बाभळीचा क्रूस. तो त्यानं स्वतःच्या हातानं तासला होता. घर थोरल्या चुलत्याचं, शब्दही त्याचाच. त्याला आम्ही आबा म्हणायचो. आबा वाईट नव्हता. आम्हा मायलेकींना त्यानं कधी उपाशी ठेवलं नाही. पण पोरवयात तो मरीआईच्या देवळात कौल लावायचा, आणि ते त्याच्या बोटांतून कधी गेलं नाही. देवीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. पेरणी, सोयरीक, दुखणं, गावातलं काहीही कौलाशिवाय हलत नसे. किरिस्ताव झाल्यावर आबानं मरीआई सोडली. पण कुठलीही अडचण आली की त्याची नजर आधी झेंडूच्या झाडाकडं जायची.

मग मास्तर आले.

आमचे पाळकसाहेब नगरकडचे. घोडीवर बसून वर्षातून तीन-चार खेपा यायचे. एका हिवाळ्यात त्यांनी एक तरुण मास्तर आणून आमच्या वस्तीत बसवला. पोरासोरांना अक्षरओळख करून द्यायची म्हणून. मास्तर सडपातळ, बोलणं हळू, आणि त्यांना उर्दूही वाचता यायचं. तहसीलीतून जाहीर हुकमाचा इश्तिहार आला की गावचा पाटीलसुद्धा त्यांना बोलावणं धाडायचा. चावडीच्या पायरीखाली उभं करायचा, पण बोलवायचा. आमच्या वस्तीतल्या माणसाला गावानं असं कधी बोलावलं नव्हतं.

मी वाचायला शिकले. खोटं कशाला बोलू, अक्षरांची हौस नंतर आली, आधी मास्तरांची आली. धुळीत बोटानं अक्षर काढलं आणि ते चुकलं नाही की मास्तर म्हणायचे, "शाबास." त्या एका शब्दासाठी मी पहाटे उठून अक्षरं घोकायची. थोरली दोन दिवस बसली, तिसऱ्या दिवशी जांभई देऊन उठून गेली. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट देवानं माझ्यासाठी ठेवली. संध्याकाळी ती प्रार्थनेत गायला लागली की मास्तर हातातलं पुस्तक मिटायचे. तिच्या आवाजानं त्यांच्या वाचनाचा खोळंबा होतो, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. प्रेमात पडलेल्या पोरीला अक्कल शिकवायला गावात शाळा नव्हती!

उन्हाळा लागताना मास्तर चकलांब्याला गेले. तिथं त्यांना कायमची शाळा मिळाली. पुढच्या हिवाळ्यात, ज्वारी हुरड्यात आली होती तेव्हा, पाळकसाहेब घोडीवरून उतरले ते हसतच.

"आबा, मास्तरांना तुमच्या घरची मुलगी करायची आहे."

"कुठली?" आबानं विचारलं. मी दारामागं उभी होते. मी फटीला कान लावला.

"तेच मीही विचारलं. म्हणाले, देव देईल ती. आता तुम्ही प्रार्थना करा, मार्ग दाखव म्हणून मागा. हुरडा सरायच्या आत मी मास्तरांना घेऊनच येतो."

आता बघा. किरिस्तावांची आमची चार घरं, आणि चारही एकमेकांच्या नात्यातली. बाहेरचं स्थळ म्हणजे दुष्काळातला पाऊस. आमच्या वयाच्या गावातल्या मुली दोन-दोन लेकरांच्या आया झाल्या होत्या. जिला मास्तर मिळणार तिचा संसार उभा राहणार, दुसरीनं फिरकी फिरवत म्हातारं व्हायचं. पण माझं दुखणं तेवढंच नव्हतं. मला नवरा नको होता, मला मास्तर हवे होते. मला त्यांची "शाबास" जन्मभर हवी होती.

मी प्रार्थना सुरू केली. प्रार्थना कसली, चुगलीच ती! "देवा, ती वाचायला शिकली न्हाई. देवा, तिची भाकर जाड व्हती. देवा, तिला उन्हाचं डोकं दुखतं, चकलांब्याला लई ऊन असतं म्हनं." एवढं सगळं सांगायची, पण 'मला मास्तर पाहिजेत' हे एकदाही म्हटलं नाही. मुद्दामच नाही म्हटलं. बापाला पटकी झाली तेव्हा मी ओरडून ओरडून मागितलं होतं, की एवढा बाप ठेव. तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं होतं, की आपल्याला काय पाहिजे हे देवाला कळू द्यायचं नाही. कळलं की तो नेमकं तेच काढून घेतो.

आणि थोरली? ती फिरकी फिरवायची आणि गुणगुणायची.

"तुला मास्तर पायजेत का गं?" मी दोराच्या दुसऱ्या टोकावरून विचारलं.

"मला काय कळतंय? देव बघंल की."

"देव बघंल, देव बघंल! तुझ्या मनात काय हाय ते सांग ना."

ती नुसती हसली. मला वाटलं, हिला काय, हिचं देव न मागता देतो, ही कशाला तोंड वासील! मी दोराला असा काही हिसका दिला की पीळ तुटून तिच्या हातावर वळ उठला. तीच उलट म्हणाली, "तुला लागलं का गं?" काय करावं अशा माणसाला?

दिवस सरत चालले. पाळकसाहेब केव्हाही येतील आणि देवानं काय सांगितलं म्हणून विचारतील, आणि देवानं तर कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. आबाची घालमेल चालली होती. रविवारी दुपारची भजनं झाली आणि तो उठला. बाहेर जाऊन झेंडूचं फूल खुडून आणलं. वस्तीतली सगळी माणसं अजून बसलेलीच होती.

"फैसला व्हाया पायजे," तो म्हणाला. "क्रुसाचा उजवा हात थोरलीचा, डावा धाकलीचा. जिची पाकळी आदी पडंल तिला देवानं दिलं."

माय पदर सावरून म्हणाली, "भावजी, आपल्यात हे चालतं का?"

"कावून न्हाई चालत? देव बदलला, बाई. इचारायची रीत थोडीच बदलली?"

 सगळ्यांना हायसंच वाटलं. खरं सांगते, मलाही वाटलं. गप्प देवापेक्षा पाकळी बरी. आबानं दोन पाकळ्या तांब्यात बुडवल्या आणि माझ्या बापानं तासलेल्या क्रुसाच्या दोन हातांवर चिकटवल्या. आम्ही बघत बसलो.

खोलीचं दार पश्चिमेला. हिवाळ्यातलं तिरकं ऊन दारातून आत आलं होतं, आणि ते हळूहळू समोरच्या भिंतीवर चढत होतं. चढत चढत ते क्रुसाच्या उजव्या हातावर आलं. डावा हात सावलीत. मी अंबाडी वाळवणारी पोरगी. ऊन कुठं लागतं आणि काय आधी वाळतं हे मला कुणी शिकवायला नको होतं.  थोरलीची पाकळी कडांनी मुडपली, एका अंगानं सुटली आणि खाली पडली. माझी होती तशी चिकटून बसली होती.

"हालेलूया!" आबा ओरडला. चुलतीनं थोरलीला पोटाशी धरलं.

"आबा, तिच्या पाकळीवर ऊन व्हतं!" मी उभीच राहिले.

"गप बस."

"उन्हातली पाकळी आदी वाळनारच की! पुन्यांदा लावा."

"देवाच्या कौलात खोट काढतीस?" आबाचे डोळे लाल झाले. "आन् ऊन कुनी पाडलं गं? देवानंच ना?"

 मायनं माझा दंड धरून मला बाहेर ओढलं. बाहेर आल्यावरसुद्धा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ऊन कुणी पाडलं? म्हणजे देवानं नुसतं तिला दिलं नव्हतं, माझी पाकळी सावलीत ठेवून मला दाखवून दिलं होतं. सगळे पांगल्यावर मी परत आत गेले आणि माझी पाकळी नखानं ओरबाडून काढली. लाकडाचं कुसळ बोटात घुसलं. बापाच्या क्रुसानंही मलाच टोचलं!

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. थोरली समोर आली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या लग्नाचं दळण मीच दळलं. जात्याला असा गरगर फेरा द्यायची की माय म्हणायची, "पीठ करतीस का जातं फोडतीस?" थोरलीनं एकदा हळूच विचारलं, "धाकले, तुला राग आलाय का?"

"मला कशाचा राग? देवानं दिलं, तू घे."

तिचं गुणगुणणं बंद झालं होतं. ते मला जाणवलं, पण का बंद झालं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिची कीव करावी लागली असती, आणि तेवढा वेळ माझ्याकडं नव्हता.

पाळकसाहेब आले. सोबत मास्तर. प्रार्थनेच्या खोलीत सतरंजी अंथरली, सगळी वस्ती जमली. आबानं छाती फुगवून सांगितलं, "साहेब, देवानं फैसला दिला. थोरली."

"कसा दिला?"

"कौल लावला की. क्रुसाला."

पाळकसाहेबांचं हसू मावळलं. मी मागून बोलले, "एका पाकळीवर ऊन व्हतं साहेब, दुसरी सावलीत व्हती." मायनं माझ्या मांडीला चिमटा काढला.

साहेबांनी डोक्यावरची पगडी काढून गुडघ्यावर ठेवली. रागावतील असं वाटलं होतं, पण ते थकल्यासारखे दिसले. "तहसीलीतून हुकूम येतो," ते म्हणाले. "उर्दूत असतो, तुम्हाला वाचता येत नाही. वाचणारा सांगेल त्याला मान डोलवायची आणि घरी येऊन कपाळ बडवायचं. सरकार कुठं दूर बसलेलं. आपलं बरं व्हावं असं त्याला वाटतं का, तेही ठाऊक नाही." इथं त्यांनी दाराकडं बघून आवाज जरा खाली केला. "तुम्ही देवाला तसलं सरकार करून ठेवलंत. अहो, बापाला कुणी कौल लावतं का? लेकरू बापाला सरळ सांगतं, मला हे पाहिजे. बाप कधी हो म्हणतो, कधी नाही म्हणतो. पण तो माझं वाईट करणार नाही, एवढा भरवसा असतो, म्हणून तर ते मागतं. पोरींना कुणी विचारलं, त्यांना काय पाहिजे?"

"पोरींना काय इचारायचं?" आबाला खरोखरच कळलं नव्हतं.

साहेब माझ्याकडं वळले. "तू सांग, बाळ. तुला काय पाहिजे?"

सगळी वस्ती माझ्याकडं बघायला लागली. माय पदर ओढत होती. मला वाटलं, आता गेलेच आहे सगळं, तर आणखी काय जायचं राहिलंय!

"मला मास्तर पायजेत," मी म्हणाले.

बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी "अगं बया!" म्हणालं. मास्तरांनी मान खाली घातली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला तेवढ्यातही दिसल्या.

"आणि तू?" साहेबांनी थोरलीला विचारलं.

थोरलीनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "न्हाई. मला न्हाई जायचं. धाकलीला द्या."

आबा ताडकन उठायला लागला, साहेबांनी हातानं बसवलं. पण मी थोरलीचा आवाज ऐकला होता. फिरकीवर तिचा हात ढिला पडला की माझ्या बोटांना कळायचं ना, तस्संच कळलं. पोरगी धडधडीत खोटं बोलत होती.

साहेब मास्तरांकडं वळले. "आणि तुम्ही हो? देव देईल ती, असं म्हणालात. मनात खरंच तसंच होतं?"

 मास्तर सतरंजीकडं बघत म्हणाले, "थोरली."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"धजलो नाही. मला वाटलं, मला एवढं पाहिजे आहे, म्हणजे ते देवाच्या मनात नसणार. म्हणून देवावर सोडलं."

अगं बाई गं! सबंध निजामाच्या राज्यात देवाला माझ्यासारखाच भिणारा एकच माणूस होता, आणि त्याला ती पाहिजे होती!

"मंग कौल खराच निघाला की!" आबानं मांडीवर थाप मारली.

"एका शब्दाचं काम होतं, आबा," साहेब म्हणाले. "त्यासाठी ह्या पोरीला भर सभेत रडवायची गरज नव्हती." मी रडत होते, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

पण गाठ सुटली नव्हती. थोरली नाही म्हणाली होती, आणि साहेबांनी स्पष्ट सांगितलं की नाही म्हणणाऱ्या मुलीचं लग्न ते लावणार नाहीत. मास्तरांनी मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाले, "तशी देवाची मर्जी. धाकट्या मुलीची तयारी असेल, तर मी नाही म्हणणार नाही."

झालं. आला की घास तोंडाशी! मला काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि मास्तर माझे. खोटं ती बोलली होती, मी नाही. मी क्रुसाकडं पाहिलं आणि मनात म्हणाले, देवा, आता तरी सांग. आता तरी एक शब्द बोल. त्या घटकेला देवाचा आवाज आला, असं मला सांगता आलं असतं तर लोकांनी माझ्या पाया पडायला रांग लावली असती. नाही आला. पाकळी नाही, ऊन नाही, काही नाही.

राग मात्र आला. असा आला की कान तापले. गळा तिचा, रूप तिचं, मास्तरांचा जीव तिच्यावर, आणि आता माझ्यासाठी सगळं सोडून देणारी साध्वीही तीच? जन्मभर मी त्या घरात बसून तिनं टाकलेलं खायचं, आणि लोकांनी म्हणायचं, बघा थोरलीचं मन! एवढं मी सोसणार नव्हते. सगळं दिलं असतं, पण हे नाही.

"ती खोटं बोलतीय!" मी ओरडले. "तिला मास्तर पायजेत. माझ्यापायी न्हाई म्हनतीय. मला न्हाई पायजे तिचं उष्टं!"

थोरलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिला हुंदका फुटला. त्या हुंदक्यानंतर कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. तरी साहेबांनी विचारलं, आणि तिनं मान हलवून हो म्हटलं. पुढं वस्तीत म्हणायचे, धाकलीनं मोठं मन केलं. कसलं डोंबलाचं मोठं मन! मत्सर होता तो, चोख मत्सर. पण एवढं खरं, की त्या दिवशी थोरलीच्या मनातलं खरं त्या मत्सरानंच बाहेर काढलं. देवानं त्यातूनही काम करून घेतलं असेल तर तो त्याचा मोठेपणा. माझा नव्हे.

बाहेर पोरांनी हुरड्याची आगटी पेटवली. सगळे तिकडं गेले. मी घरामागं जाऊन बसले. थोड्या वेळानं माय आली आणि शेजारी टेकली.

"देवानं सांगितलं का तुला, तिचं तिला दे म्हनून?"

"न्हाई. कायबी सांगितलं न्हाई."

"मंग कशाच्या जोरावर सोडलंस?"

"रागाच्या."

मायनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तुझा बाप गेला तवापासून मी रोज त्याला इचारते, माझ्या पोरीचं काय करनार हायस. येकदाबी बोलला न्हाई. पर तो आपलं वंगाळ करंल, असं मला कदी वाटलं न्हाई बघ."

"मला वाटतं," मी म्हणाले. "मला रोज वाटतं."

हे मी कधी कुणापुढं बोलले नव्हते. माय दचकेल, कानावर हात ठेवील असं वाटलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मंग ते त्यालाच सांग. मला सांगून काय उपेग?"

दिवस अजून मावळला नव्हता. मी प्रार्थनेच्या खोलीत गेले. गुडघे टेकले नाहीत. भांडायला आलेली बाई बसते तशी फतकल मारून बसले, आणि मोठ्यानं बोलले.

"मला मास्तर पायजे व्हते. तू दिले न्हाईस. बाप पायजे व्हता, त्यो बी न्हाई दिलास. मला तुझा राग आलाय. तू चांगला हायस असं साहेब म्हनत्यात, माय म्हनती. मला दिसत न्हाई, पर त्यांच्या शब्दावर धरते. आजपासून मी तुझ्यापास्न काय लपवनार न्हाई. जे पायजे ते तोंडावर मागीन. तू न्हाई म्हन. मी पुन्यांदा मागीन. बघू कोन आदी दमतंय."